मामाजींना तपासणीतून सूट

"थेंब माझ्या नजरेतून सुटूच शकत नाही!" जितेंद्र हे कारखान्याच्या हर्षित साहेबांना सांगत होता, पण ऐकवायचं होतं सासऱ्यांना. वामनराव बेसाहून खास जावयाचं काम पाहायला आले होते. सहा वर्षं ते सोयऱ्यांना सांगत, "आमचे जावई बोअरवेलवाले हायेत." आज तो डाग पुसायचाच होता!

कारखान्याचं पाणी ज्या विहिरीतून जमिनीत खोल दाबतात, तिच्यात किरणोत्सारी आयोडीनचा थेंब सोडायचा. तो कुठं, किती वेगानं जातो ते यंत्रांनी टिपायचं, म्हणजे पाण्याचा रस्ता कळतो. थेंब वर सांडला, तर मात्र जितेंद्रचा परवाना गेलाच.

नंतर सांडल्याचा खोटा संशय नको, म्हणून आत येतानाच फाटकावर प्रत्येकाच्या अंगावरून किरण मोजायचं यंत्र फिरवत. हर्षित साहेबांच्याही फिरवलं. आणि वामनरावांच्या?

"छे! सासऱ्यांची झडती घ्यायची? या मामाजी, या!"

थेंब विहिरीत सोडला. खालच्या यंत्रांनी तो चोख टिपला. जितेंद्रची कॉलर ताठ! त्यानं मानाचा नारळ वामनरावांच्या हाती दिला. ते विहिरीच्या तोंडाशी वाकले, जितेंद्रनं शेवटच्या तपासणीसाठी फाटकावरचं यंत्र तिथंच सुरू केलं आणि ते बोंबलायला लागलं!

"पळा! थेंब सांडला!"

सगळे पळाले. वामनराव नारळासकट. घाम पुसत जितेंद्र एकटाच विहिरीशी परतला, तर यंत्र गप्प. लिंबाखालच्या घोळक्याकडे वळला, तर पुन्हा बोंब!

"कपड्यांवर उडालं! काढा!"

हर्षित साहेब बनियनवर आले. यंत्र त्यांना ओलांडून थेट वामनरावांच्या गळ्याशी जाऊन किंचाळलं.

"जावईबापू, काहून घाबरून राहिले?"

"मामाजी, तुम्ही काही खाल्लं का?"

"काल धरमपेठेत थायरॉईडचा स्कॅन केला ना. आयोडीनची गोळी देल्ली मले. डॉक्टर म्हणे, चार दिवस नातीले जवळ घेऊ नका. मंग म्हटलं, घरी बसून काय करू? जावयाचं काम पाहून येतो!"

विहीर पास झाली, परवानाही वाचला. पण अहवालात 'जास्त किरण कुठे आढळले' हा रकाना रिकामा सोडता येईना. जितेंद्रनं बराच वेळ पेन चावलं आणि शेवटी लिहिलं, 'सासरे'.

जावयाच्या यंत्रानं बरोबर गळाच ओळखला, म्हणून वामनराव मात्र बेहद्द खूश! आता सोयऱ्यांना छाती फुगवून सांगतात, "बोअरवेलवाले नाही गा, आमचे जावई थायरॉईडवाले हायेत!"