कारंजं किती सरकलं

अण्णा चौकाच्या मधोमध थांबले आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस. विनू, यांनी कारंजं सरकवलं."

तो त्यांचा शेवटचा साधा दिवस होता, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन असलेले अण्णा जबलपूरचा हा चौक रोज सकाळी नकाशासारखा वाचत. मधलं अष्टकोनी दगडी कारंजं जुनं, धर्मशाळेची कमान त्याहून जुनी. ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचे खुंट आणि कमळाच्या आकाराचे दिवे गेल्या वर्षीचे.

"जुन्याला नवं जोडलं की सांधा दिसतो," ते म्हणाले. "इथं दिसूनच नाही राहिला. म्हंजे काहीतरी लपवलंय."

"कारंजं काय टेबल आहे, अण्णा, सरकवायला?"

"मग धर्मशाळेच्या पायरीपासून चाळीस पावलं होती, ती अठ्ठेचाळीस काहून झाली?"

"मोजण्यात चूक झाली असेल."

"माझी?"

त्यांची मुलगी विनता ग्रंथपाल होती. पुराव्याशिवाय काही मानत नसे. 'तुमचं बरोबर आहे' हे वाक्य तिनं अण्णांना आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा निवला, तरी ते उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर त्यांची वही सापडली. १९८९ सालचं पान: 'पायरी ते कारंज्याची कड, ९६ फूट. चाळीस पावलं.' खाली पेन्सिलीनं शेवटच्या दिवशीची नोंद: 'अठ्ठेचाळीस. संशयास्पद.'

सकाळी चौकात जायला ती धजली नाही. ती वेळ अण्णांची होती. म्हणून त्यांचा पोलादी टेप घेऊन ती दुपारी गेली आणि इथंच चुकलं. सकाळी मोकळी असणारी पायरी दुपारी नथ्थूच्या खोवा-जलेबीच्या काउंटरखाली असते.

"भैया, ये जरा हटाएँगे? नापना है."

नथ्थूनं आधी टेप पाहिला, मग तिचा चष्मा. "नगर निगम से हो, दीदी?"

"नहीं. फव्वारा खिसका है क्या, वो देखना है."

हे खरं होतं, म्हणून कुणालाच पटलं नाही. पाच मिनिटांत चौकात बातमी फिरली की महापालिका कारंजं सरकवणार आहे. दहाव्या मिनिटाला ते कुणाच्या दुकानावर येणार हेही ठरलं. मोबाइलवाल्या पियूषनं फ्लेक्स उतरवला. रसवाल्यानं गाडी चरकासकट गल्लीत घातली. कापडवाले श्यामसुंदरकाका पिशवीतून कागद काढतच आले.

"बाई, आमची जुनी रजिस्ट्री आहे. पाहून घ्या."

"काका, मी अण्णांची विनता."

"अच्छा." काकांनी कागद परत पिशवीत घातले आणि आवाज खाली आणला. "म्हंजे अण्णाही निगमचेच होते. रोज सकाळी इथं काही ना काही मोजत होते. मला तेव्हाच शंका आली होती."

"ते सहज मोजायचे, काका."

"सहज कोणी पस्तीस वर्षं मोजते का?"

विनतानं टेप उलगडला. तोवर नथ्थूनं काउंटर कढईसकट उचलला. टेपचं दुसरं टोक धरायला चौघं धावले. चौघांनाही ते आपल्या दुकानापासून लांब ओढायचं होतं. अर्ध्या तासात चौक इतका मोकळा झाला, की दुपारीही तो अण्णांच्या सकाळसारखा दिसू लागला: कमान, पायरी, फरशी, कारंजं, सगळं एका ओळीत.

शहाण्णव फूट.

तिनं पुन्हा मोजलं. शहाण्णव.

कारंजं तसूभर हललं नव्हतं. विनता पायरीवर बसली. इतकी वर्षं ती अण्णांबरोबर चालत होती, त्यांच्या चालीला चाल लावून. त्यांचं पाऊल वयानं आखडत गेलं, तसं तिचंही आखडलं होतं. सांधा कुठं दिसलाच नव्हता.

"दीदी, कितना निकला?" नथ्थूनं विचारलं. अख्खा चौक तिच्याकडे संशयानं पाहत होता.

पुरावा तिच्या हातात होता. तो तिनं गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि ती उभी राहिली.

"अण्णा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. कारंजं सरकलंय."