परचुरे सरांचं शुद्धिपत्र

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं आहेत. तेवीस बिऱ्हाडांतली माणसं निघताना ‘येतो’ म्हणतात. परचुरे सर एकटे ‘जातो’ म्हणतात. तेही जिना उतरताना पुटपुटत नाहीत, तर चप्पल घालून, दारात उभं राहून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. माझी बायको वर्षा पहिल्यांदा ते ऐकून दचकलीच.

“सर, जातो म्हणू नये हो. येतो म्हणावं.”

“का?”

“जातो म्हटलं की माणूस परत येत नाही म्हणतात.”

“पुरावा?” सर म्हणाले. “बोलायला लागल्यापासून मी जातो म्हणतोय आणि रोज परत येतोय. आत्ता मंडईत जातो. आलो की कळवतो.”

दीड तासानं बेल वाजली. सर दारात गवारीची पिशवी घेऊन उभे. “आलो,” म्हणाले, आणि घरी गेले.

‘पुरावा?’ हा सरांचा ठेवणीतला नव्हे, रोजच्या वापरातला शब्द. चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. दूधवाला म्हणाला, दूध ताजं आहे, की पुरावा? चेअरमन म्हणाले, उद्या पाणी येईल, की पुरावा? मी यवतमाळचा, आमच्याकडं दर दोन वाक्यांमागं बाप्पा लागतो. एकदा लिफ्ट अडकली तेव्हा मी “अरे बाप्पा” म्हणून गेलो. शेजारी सर होते. शांतपणे म्हणाले, “त्यांचा लिफ्टशी काय संबंध? वायरमनला बोलवा.” सरांचं स्वतःचं नाव विनायक. त्यावर त्यांचं म्हणणं, नाव ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

दसऱ्यापासून होळीपर्यंत सर माकडटोपी घालून फिरतात. सोसायटीतली पोरं हसतात. सर रागावत नाहीत. “पूर्वजांच्या स्मरणार्थ घालतो,” म्हणतात. “तुम्ही श्राद्ध घालता, मी टोपी घालतो.” सरांच्या घरी काकूंच्या स्वयंपाकघरात देव्हारा आहे, आणि दर रविवारी तो सर स्वतः पुसतात, मूर्तीही चिंचेनं घासून देतात. मी भुवया उंचावल्या तर म्हणाले, “पितळ आहे ते. पितळेवर माझा विश्वास आहे.”

अशा माणसाला कार्टूनचा नाद असेल हे कुणाला खरं वाटेल? पण होता. शनिवारी दुपारी चार वाजता केबलवर एक अमेरिकन कार्टून लागायचं. लहान मुलांचं नव्हे, मोठ्यांची टर उडवणारं. सर टीव्हीसमोर वही आणि लाल पेन घेऊन बसत. हसत मुळीच नसत. “जिराफाची मान चुकली. दहापैकी तीन,” असं काहीतरी लिहीत. कार्टून संपलं की काम करणाऱ्यांची नावं सरसर वर सरकायची, आणि नेमकं तेव्हाच चॅनेलवाले ती कोपऱ्यात ढकलून साबणाची जाहिरात लावायचे. सर तरातरा उठून काचेला नाक लावायचे.

“कापलं परत,” म्हणायचे. चॅनेलला त्यांनी चार पत्रं पाठवली होती, चारही रजिस्टर्ड. मला वाटलं, पुण्याचा माणूस आहे, तक्रार केल्याशिवाय जेवण पचत नसेल.

एका शनिवारी मी त्यांचा रिमोट दुरुस्त करत होतो तेव्हा काकूंनी सांगितलं. “मिलिंदचं नाव असतं हो त्यात. आमचा मुलगा. मागची चित्रं रंगवतो तो. भिंती, झाडं, शाळेतले फळे, असलं.”

मिलिंद इंजिनिअर. हिंजवडीतल्या कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं, आणि तिथं त्यानं चांगली नोकरी सोडून कार्टूनची चित्रं रंगवायला घेतली. हे कळलं तेव्हा सर फोनवर त्याला म्हणाले होते, “माकडाचा माणूस व्हायला लाखो वर्षं लागली. उलटं जायला तुला दोनच पुरली.” तेव्हापासून मिलिंद रविवारी फोन करतो, पण आईला. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. एकदाही आला नव्हता.

“निघताना मी म्हटलं, येतो म्हण रे,” काकू म्हणाल्या. “त्यानं यांच्याकडं बघितलं आणि म्हणाला, जातो. गेला.”

सर तिथंच खुर्चीत बसले होते. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ‘पुरावा?’ येणार. त्यांनी तोंड मिटलं आणि लाल पेनाचं टोपण लावत बसले. आयुष्यात पहिल्यांदा पुरावा काकूंच्या बाजूनं होता. मी यवतमाळला फोनवर बाबांना दर आठवड्याला ‘येतो’ म्हणतो, आणि दोन दिवाळ्या गेलेलो नाही. मी रिमोटचं झाकण बसवायला घेतलं.

काकूंनी मिलिंदकडं त्या कार्टूनची सीडी मागितली. सरांनी मागितली नाही. ते फक्त फोनशेजारी उभं राहून पिनकोड सांगत होते.

महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, सर सीडी घेऊन आमच्याकडं आले. माकडटोपी डोक्यावर, वही काखेत. “तुमच्या यंत्रावर हे लागतं का बघा,” म्हणाले. मी कॉम्प्युटर लावला. वर्षानं चहा टाकला.

गोष्ट अशी होती. एका गावात शाळेत उत्क्रांती शिकवायला घेतात. धर्मगुरू चिडून मोर्चा काढतात. देव न मानणारेही चिडतात, आणि देव नाही हे दर रविवारी एकत्र जमून म्हणण्यासाठी एक मोठी इमारत बांधतात. मग तिथं चपला कुठं काढायच्या यावरून त्यांच्यात दोन तट पडतात. शेवटी माकडंच कोर्टात जातात, की माणसांचे पूर्वज म्हणून आमची बदनामी थांबवा.

“हे आमच्या विवेकवादी मंडळात झालंय,” सर म्हणाले. “चपलांवरून नाही, अध्यक्षाच्या खुर्चीवरून. मला मंडळातून काढलं तेव्हा मी एकटाच खरा नास्तिक उरलो.” आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. गुण वाढले असावेत.

मग शाळेचा वर्ग आला. मास्तर आणि धर्मगुरू पुढं भांडत होते. मागं भिंतीवर एक तक्ता होता, माकडापासून माणूस कसा झाला तो.

“थांबवा,” सर म्हणाले.

मी थांबवलं.

तक्त्यावर आधी चार पायांचं माकड, मग वाकलेलं, मग जरा ताठ, मग आणखी ताठ. आणि सगळ्यांत शेवटी, उत्क्रांतीच्या टोकाला, एक म्हातारा. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या गवारीच्या शेंगा, आणि डोक्यावर माकडटोपी. टीव्हीवर हे चित्र दोन सेकंद दिसलं असेल. अमेरिकेत ती टोपी कोण ओळखणार होतं? ते चित्र वारज्यातल्या एकाच माणसासाठी काढलेलं होतं.

सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. “खांदा डावा आहे,” म्हणाले. “पिशवी मी डाव्याच खांद्याला लावतो. लहानपणी मंडईत तो उजवा हात धरायचा, म्हणून.”

चहा निवला. वर्षानं दुसरा केला. आम्ही पुढचं कार्टून पाहिलं. शेवटी नावं आली, न कापता, सगळी. मिलिंद व्ही. परचुरे. “व्ही म्हणजे मी,” सर म्हणाले, जणू आम्हाला ते ठाऊकच नव्हतं.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, “तुमच्याकडून ई-मेल जातो का? मराठीत?”

“जातो ना.”

“मग घ्या लिहून. विषय, शुद्धिपत्र.”

शाळेच्या वार्षिक अंकाच्या शेवटच्या पानावर चुकांची यादी छापतात, ते शुद्धिपत्र. सर चौतीस वर्षं ते करत आले होते. ते खड्या आवाजात सांगत गेले आणि मी एकेक अक्षर शोधून टाइप करत गेलो.

चि. मिलिंद यास,
अशुद्ध: उलटं जायला तुला दोनच पुरली.
शुद्ध: चित्र उत्तम आहे.
अशुद्ध: जातो.
शुद्ध: येतो.
चुकीचे शिकवल्याबद्दल दिलगीर आहे. कृपया सुधारून वाचावे.
वि. परचुरे

“आणि जिराफाची मान?” मी विचारलं.

“राहू द्या,” सर म्हणाले. “सगळ्या चुका एकदम सांगू नयेत. पोरं खचतात.”

मी बटण दाबलं.

“गेलं?”

“गेलं, सर.”

“पोचलं?”

“पोचलं.”

मी ‘पुरावा?’ची वाट बघत थांबलो. पडद्यावर पुरावा होता, दाखवायला मी बोटही उचललं. सरांनी विचारलंच नाही.

“उत्तर कधीपर्यंत येतं?”

“तिकडं अजून शनिवारची संध्याकाळ आहे, सर. बाहेर असेल तो. तुम्ही घरी जा, आलं की मी लगेच हाक मारतो.”

सर उठले. टोपी घातली, वही काखेत घेतली, दारापर्यंत गेले. चपलेत पाय घातला. वर्षा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. सर एक क्षण तसेच उभे राहिले, मग त्यांनी चप्पल परत काढली आणि येऊन कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले.

“तुमची अडचण होत नसेल,” ते म्हणाले, “तर बसतो.”