आडव्या बाटलीचा नियम

एखादी गोष्ट वाईट आहे असे ठामपणे म्हणण्याचा नैतिक अधिकार ती शेवटपर्यंत संपविणाऱ्यालाच असतो. अर्धवट अनुभवावर मत देणे हा त्या गोष्टीवर अन्याय होय. हे तत्त्व काटेकोरपणे पाळणारी एक संस्था सुदैवाने गोंदियात आहे.

तुलनात्मक मद्य रसग्रहण मंडळ दर रविवारी दुपारी नंदलाल शेठ यांच्या राइस मिलच्या मागील खोलीत भरते. सभासद तीन: स्वतः शेठ, वकील भुपेंद्र आणि कामठ्याला राहणारे मराठीचे निवृत्त शिक्षक शालीकराम सर. देशोदेशींची मद्ये चाखून सर्वोत्तम बाटली शोधणे आणि ती सापडताच मंडळ विसर्जित करणे, एवढाच उद्देश. (आपल्या अंत्यविधीची सोय आपल्याच घटनेत करून ठेवण्याचे धैर्य फार थोड्या संस्था दाखवतात.)

सरांना मंडळात घेण्यास कारण घडले. शेठ प्रत्येक मद्याविषयी "झकास" एवढाच अभिप्राय देत. त्यामुळे तुलना खुंटली होती. सरांनी आयुष्यभर दहावीच्या मुलांकडून कवितांचे रसग्रहण लिहून घेतलेले. एका स्कॉटिश व्हिस्कीबद्दल त्यांनी लिहिले: "आरंभी ओल्या बारदान्याचा गंध, मध्ये उकडलेल्या धानाची वाफ, शेवट अनपेक्षित, परंतु परिणामकारक." जपानी व्हिस्कीत त्यांना संयम आढळला, गोव्याच्या रममध्ये पाल्हाळ.

मतदानाची पद्धत दारूबंदीच्या मतपत्रिकेवरून घेतली होती. तिच्यावर दुकान राहू द्यायचे असेल तर उभी बाटली असते, बंद करायचे असेल तर आडवी. मंडळातही पसंत बाटली उभी राहील, नापसंत आडवी होईल, असे ठरले. पहिल्याच सभेत वकिलांनी एक भरलेली बाटली आडवी केली आणि शेठच्या जाजमाचे रसग्रहण झाले. तेव्हा चौथा नियम आला: रिकामी झाल्याशिवाय कोणतीही बाटली आडवी करू नये. (पहिल्या घोटानंतर झाकण कुठे जाते, हा विषय मंडळाच्या कक्षेबाहेरचा होता.)

या नियमाने सभासदांची अभिरुची कमालीची कठोर झाली. पसंतीला एक घोट पुरे होता. नापसंतीला अख्खी बाटली लागे. वर्षभरात नापसंतीचे प्रमाण शंभर टक्के राहिले. एवढी निःस्पृह समीक्षा मराठी साहित्यातही झालेली नाही.

अडचण फक्त सरांच्या घरी होती. मंडळात जाताना त्यांनी पत्नीला, शकुंतलाबाईंना, शब्द दिला होता: ज्या दिवशी एक बाटली उभी राहील, त्या दिवसापासून थेंब नाही. बाईंनी गावात दारूबंदीच्या मतदानाचा प्रचार केलेला. आडवी बाटली हा त्यांचा हातखंडा. या उभ्या बाटलीची मात्र त्या वर्षभर वाट पाहत होत्या.

"काऊन जी, एवढ्या जगात एकबी चांगली नाही का?"

"शोधून राहिलो ना."

"दसऱ्यापर्यंत शोधा. नाही भेटली त मी चालली भावाकडे, नवेगावले. मंग खा आपल्या हातानं रांधून."

दसऱ्याआधीच्या रविवारी बाई स्वतः सरांसोबत आल्या आणि दारातल्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी मोहाची होती. (परवान्याची चौकशी करणे शिष्टाचारात बसत नाही.) सरांनी घोट घेतला. चैतातली पहाट, झाडाखाली पडलेला मोहफुलांचा सडा आणि ती वेचणारी आई त्यांना एकदम आठवली. ते सावकाश म्हणाले, "उभी."

"सर, सोच लो," शेठ म्हणाले. "ये खडी रही तो अपना मंडल बैठ जाएगा."

"एका घोटावर पसंती म्हणजे घाई होते," वकील म्हणाले. "फेरविचारासाठी आणखी एकेक घेऊ."

तिघांचे हात बाटलीकडे वळताच बाई उठल्या. बाटली हिसकून, जाजमावरचे झाकण उचलून त्यांनी ते घट्ट फिरवले आणि सवयीने बाटली टेबलावर आडवी केली. एक थेंब सांडला नाही.

"आता लावा हात! झाकण लावलं का भरलेलीबी आडवी होते. एवढं सुचलं नाही का जी तुमाले, वकीलसाहेब?"

वकील आदराने उभे राहिले. "बाटली आडवी झाली. वहिनींच्या हातून झाली. नापसंत."

"अगा बापा!" बाईंनी ती झटकन उभी केली. "हे घ्या, उभी!"

"नापसंत झालेली परत उभी करण्याची तरतूद नाही, वहिनी. शिवाय ही भरलेली आहे. चौथ्या नियमाचा भंग झाला आहे. तो ताबडतोब दूर करावा लागेल."

तीन ग्लास भरले गेले. सरांनी ग्लासाकडे पाहिले, मग बाईंकडे.

"तुमाले आवडली होती ना जी?"

"फार," सर म्हणाले. ते खोटे बोलत नाहीत. "पण नियमानं..."

त्यांनी ग्लास उचलला. बाहेर ऑटो थांबवून बाई बस स्टँडकडे गेल्या. दसऱ्याला सरांनी हाताने भात रांधला. त्याच्या रसग्रहणात एवढेच लिहिण्यासारखे होते: खाली करपलेला, वर कच्चा.

सरांचे हे वागणे वाचकांना पटणार नाही. कदाचित ही कथाही नापसंत होईल. त्यांनी ती निःसंकोच आडवी करावी. चौथा नियम आड येत नाही: शेवटचा थेंब त्यांनी आत्ताच संपवला आहे.