गडग्यापलीकडचे युसूफचाचा

सकाळी चूळ भरायला मी अंगणात आलो की गडग्यापलीकडून हाक यायची, "कंपौंडर, तुमचा चिरा सरकलाय!"

चिरा सरकलेला नसायचा. आमच्या दोन घरांमधला तो चिऱ्यांचा गडगा माझ्या आजोबांनी रचलेला. हलवायचा म्हटलं तरी चार गडी लागले असते. पण युसूफचाचा हातात सुंभ घेऊन उकिडवे बसलेले असायचे. सुंभाचं एक टोक माझ्या फणसाला, दुसरं त्यांच्या विहिरीला. "काल हितं होता, आज हितं हाय. हद्द म्हंजे हद्द!" मी दवाखान्यात औषधं कालवणारा माणूस, सकाळी डोकं शांत ठेवणं माझ्या पोटापाण्याचं काम. तरी तोंडातली चूळ टाकून मी रोज भांडायला उभा राहायचोच. रत्नागिरीत गडग्यावरून न भांडणाऱ्याला लोक आजारी समजतात.

चाचांचे वडील तरुणपणी इथल्याच राजिवडा बंदरातून बोटीवर चढले ते थेट आफ्रिकेच्या टोकाला, केपटाऊनला उतरले. तिथं शिवणकामाचं दुकान टाकलं आणि तिथल्याच एका मलाई, म्हणजे पूर्वी मलायाकडून तिथं नेलेल्या लोकांतल्या, बाईशी निकाह लावला. चाचा तिकडेच जन्मले, तिकडेच पन्नाशीला आले, आणि स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी एक ट्रंक घेऊन बापाच्या बंद घराचं कुलूप काढायला इथं हजर झाले. केस कुरळे, डोळे बारीक, आणि बोली बापाकडून उचललेली, म्हणजे आमच्या पणजीच्या वेळची. आळीत त्यांना नावं द्यायची शर्यतच लागली. मासेवाल्या 'हबशी' म्हणायच्या, वाणी 'आफ्रिकावाले' म्हणायचा, आणि माझी आई 'ते चिनी'.

"तिकडं पन ह्योच धंदा," चाचा सांगायचे. "एका सायबान कागदावर मना मलाई लिवलान, दुसऱ्यान रंगीत, तिसऱ्यान इंडियन. मानूस तोच, पाटलोन पन तीच."

रत्नागिरीकर व्हायचंच असा चंग बांधून ते आले होते, आणि त्याप्रमाणे झपाट्यानं कामाला लागले. पेज आणि सुकटीवर हात बसला. पालीच्या बाजारात भाव ऐकण्याआधीच नाक मुरडायला शिकले. स्वतःचं एक कलम नसताना दुसऱ्याचा हापूस आंबट ठरवायला लागले. राहता राहिला गडग्याचा तंटा, आणि त्यासाठी देवानं त्यांना मी दिलो होतो.

पण हा सगळा संसार परमिटावर होता. भारताचे नागरिक म्हणून नोंद झाली तर ठीक, नाहीतर मुदत संपली की पुन्हा बोटीत बसायचं. "मी परत जानार नाय," ते ठणकावून सांगायचे. "उचलून न्यायला आले तर गडग्याला मिठी मारंन." का नाही जाणार म्हणून विचारलं, तर "बापसाचा गाव हाय" एवढंच उत्तर.

एक दिवस कचेरीतून बोलावणं आलं. ओळख पटवायला इथला माणूस आणा, असा निरोप होता. चाचा माझ्याकडे आले. आदल्याच दिवशी त्यांनी मला जमीनचोर म्हटलं होतं.

"चला," म्हणाले. "तुमच्याशिवाय मना वळखतो कोन?"

साहेब देशावरून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी चाचांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही नक्की कोण? मलाई, आफ्रिकन की हिंदी?"

चाचांचा पारा चढला. "तिकडच्या सायबान केसात पेन्सील खुपसून बघितलान, मी कोन तो. तुमी काय खुपसनार?"

मी घाईघाईनं पुढं झालो. "साहेब, हे माझे शेजारी. वीतभर जागेसाठी हा माणूस रोज सकाळी माझ्याशी भांडतो. दावा लावीन म्हणतो."

"म्हणजे माणूस वाईट आहे?"

"छे हो! इथला आहे."

साहेबांना काही उमगेना. पण कोपऱ्यातले हेडक्लार्क लांज्याचे. त्यांनी चष्मा वर केला नि म्हणाले, "बरोबर आहे साहेब. परका माणूस चिऱ्यासाठी इतकं रक्त आटवायचा नाही." साहेबांना हसू आलं. मग त्यांनी सहज विचारलं, "तिकडं कोणी भाऊबहीण?"

चाचा हातातली टोपी फिरवत राहिले.

"कोन नाय," शेवटी म्हणाले.

काम झालं. बाहेर आलो तेव्हा मलाच जिंकल्याची धुंदी चढली होती. "बरं झालं चाचा, तिकडं कोणी नाही. मागं ओढणारं काही उरलं नाही."

चाचा कचेरीच्या पायरीवर बसले. "भैन हाय," म्हणाले.

मी शेजारी टेकलो.

"ती तिकडं गोरी हाय. तिचे केस सरळ, पेन्सील अडाकली नाय, खाली पडली, म्हनून कागदावर गोरी. घोव गोरा, घर गोऱ्यांच्या आळीत. हितल्या कागदावर माज्या नावाखाली तिचा नाव आला, नि कागद फिरत तिकडं गेला, तर तिचा घर मोडंल. रंगीत मानसाला गोऱ्यांत ऱ्हायची बंदी हाय."

"मग भेटत नव्हता तुम्ही?"

"दर आयतवारी जायचो. खुरपी घेऊन. शेजाऱ्यांनी विचारला तर माळी. आता माळी म्हटला तर काम दिसाय पायजे, म्हनून खराच खुरपायचो. ती खिडकीतून हुकूम सोडायची. जाताना आयशीसारखे गोड वडे मागच्या वट्यावर ठेवायची. बाग झकास ठेवली होती मी, कंपौंडर."

हसावं की काय करावं मला कळेना. "मग आलात कशाला इकडं?"

"तिचा पोरगा. वाढायला लागला तसा माज्यावर जायला लागला. हसला की मीच. एक दिस शेजारनीन त्याच्याकडं बघितलान, मंग माज्याकडं, मंग परत त्याच्याकडं. मी तिकीट काडला."

बापाचा गाव वगैरे आम्हाला सांगायला होतं. त्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर राहावं म्हणून हा माणूस समुद्र ओलांडून माझ्याशी भांडत बसला होता.

"पोराला ठाऊक आहे, तुम्ही त्याचे कोण ते?" मी विचारलं.

"ठाव हाय तर!" चाचांनी टोपी डोक्यावर चढवली. "भेटंल त्याला तो सांगायचा, आमच्यासारखा माळी आख्ख्या आळीत कोनाकडं नाय."