किनाऱ्यापासून दूरची विहीर

कामरगावच्या गफ्फारची बोअरची गाडी धनज रस्त्यावरच्या वस्तीत येऊन उभी राहिली. वस्तीचा हातपंप आटला होता आणि बायका तीन शेतं ओलांडून पाणी आणत होत्या. सरपंच तुळसाबाईंनी नारळ फोडला, आणि नेमकी तेव्हाच सुरक्षा निरीक्षक धरमसिंग साहेबांची जीप आली.

साहेबांच्या हातात नवं परिपत्रक होतं. समुद्रात तेल आणि वायू शोधायला ज्या विहिरी खोदतात, त्यांच्यासाठीचे इंग्रजी नियम कुणीतरी कष्टाने मराठीत आणले होते. मराठीत ते 'किनाऱ्यापासून दूर असलेल्या सर्व विहिरींना' लागू झाले होते.

"साहेब, हे तं समुद्राचं हाये," गफ्फार म्हणाला. "इथं कुठी हाये समुद्र?"

"नाही ना?" साहेब समाधानाने म्हणाले. "म्हणजे किनारा फारच दूर. जितकं अंतर जास्त, तितका धोका जास्त. आपला वाशीम जिल्हा अतिसंवेदनशील गटात येतो."

काम थांबलं. गफ्फारसाठी नारंगी लाइफ जॅकेट आलं. ते घालून भर वैशाखात तो असा निथळला, की साहेबांना नियमामागची दूरदृष्टी पटली. जहाजांना इशारा म्हणून कडुनिंबावर लाल दिवा चढला. हेलिकॉप्टर उतरायला खळं मोकळं केलं. अडाण धरणावरून एक नाव ट्रॅक्टरवर घालून आणली आणि बाभळीला बांधली, वाहून जाऊ नये म्हणून. शेवटी आली ती बोअरच्या तोंडावर बसवायची अवजड लोखंडी झडप. खालून वायू उसळला, तर तोंड आवळायला.

"आमच्या गावात वायू पोटात होते, भुईत नाही," तुळसाबाई म्हणाल्या.

साहेबांनी तशी नोंद घेतली.

अखेर बोअर सुरू झाला. दुपारपर्यंत नुसता फुफाटा उडत होता. मग एकदम पाण्याचा असा लोट उसळला की गफ्फार लाइफ जॅकेटसकट नाचला. बायका बादल्या घेऊन धावल्या.

"अनियंत्रित उत्सर्ग!" साहेबांनी शिट्टी फुंकली आणि झडप आवळली. ओंजळीतलं पाणी त्यांनी हुंगलं, चाखलं. चेहरा पडला. "तेल नाही. वायू नाही. निव्वळ पाणी."

"पाणीच पाह्यजे होतं ना, साहेब!" गफ्फार म्हणाला.

"शोधविहिरीत तेल किंवा वायू न सापडल्यास ती कोरडी समजावी. कोरडी विहीर सिमेंटने कायमची बुजवावी."

"कोरडी? तुमची पँट ओली हाये, साहेब!"

"पँट परिपत्रकाच्या कक्षेत येत नाही."

तुळसाबाई झडपेपुढे उभ्या राहिल्या. "गफ्फार, तू बुजवशील हे?"

गफ्फारने साहेबांकडे पाहिलं. गाडीचा परवाना त्यांनी काम थांबवलं तेव्हाच काढून घेतला होता, तो त्यांच्या खिशात होता. मान खाली घालून त्याने सिमेंट कालवलं, बायकांनी बादल्यांत धरलेलं तेच पाणी घेऊन. सिमेंट आत उतरताना खालून बुडबुड आवाज येत राहिला, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून त्याने गाडीचं इंजिन सुरू केलं.

साहेबांनी तिथल्या तिथे त्याला प्रशस्तिपत्र दिलं. कामादरम्यान एकही माणूस समुद्रात बुडाला नव्हता.

"साहेब," तुळसाबाईंनी विचारलं, "हा असला नियम केला तरी कोनं?"

"लोकांनीच, बाई. मसुदा महिनाभर हरकतींसाठी खुला होता. एकही हरकत आली नाही."

"मले तं कोनी सांगतलं नाही. मले वाचताबी येत नाही."

"वाचता येणाऱ्यांसाठीच पेपरात छापला होता," साहेब जीपमध्ये बसत म्हणाले. "त्यांनी पान उलटलं."