ब्रोकोली आणि पाचवी टाचणी

"त्यात काय आहे! कोटाला बाही बसवणाऱ्या माणसाला एक भाजी वाफवायची ती कसली भीती!"

असं म्हणून मास्तरांनी ब्रोकोलीचा गड्डा ओट्यावर ठेवला, तोही अशा ऐटीत, की गिऱ्हाइकापुढे कापडाचा तागाच उलगडून दाखवताहेत!

भीती होतीच. भाजीची नव्हे, ताईंची.

मास्तर म्हणजे आपले साधे शिंपी. बायकोचं पोटाचं ऑपरेशन होऊन ती नुकतीच घरी आली होती, आणि मागोमाग तिची थोरली बहीण आली होती. ताईंचा सगळा जन्म दवाखान्यात मेट्रन म्हणून गेलेला. त्या वॉर्डात शिरल्या की ताप म्हणे आपण होऊनच उतरायचा! आल्या आल्या त्यांनी धाकटीची बॅग भरून दाराशी ठेवली आणि निकाल दिला,

"मास्तर, डॉक्टरांनी हिला हलकं, पचेल असं खायला सांगितलंय. आजचं जेवण तुम्ही एकट्यानं करून दाखवा. जमलं तर राहू दे हिला इथं. नाही जमलं, तर जेवून आम्ही निघालो. चांगली धडधाकट होईपर्यंत पाठवायची नाही!"

बायकोशिवाय घर म्हणजे गळा न कापलेला सदरा. डोकं घालायचं कुठून?

बरं, तिला विचारावं, तर तीही सोय नाही! सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बाराचे ठोके पडेपर्यंत तिचं मौन असे. लग्नाआधीपासूनचा नेम. ऑपरेशनच्या दिवशीही मोडला नाही. कागदावर लिहूनसुद्धा काही सांगायची नाही. "लिहिणं म्हणजे कागदाशी बोलणंच की," असं ती म्हणे. अर्थात बारानंतर.

मग मास्तरांनी भाजीवाल्या मावशींचं बोलणं आठवलं. त्यांच्याकडचा हा शेवटचाच गड्डा होता, आणि त्याबरोबर त्यांनी शिकवणीही फुकट दिली होती. "मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा हो, आळ्या असतील तर बाहेर येतात. मग तुरे सुटे करा. देठ टाकू नका, सोलून बारीक चिरा, गोड लागतो. चाळणीत ठेवून थोडी वाफ द्या. रंग खुलला की उतरवा. जास्त शिजवलीत तर वास मारेल आणि घरचे तुम्हाला!"

मास्तरांनी गड्डा मिठाच्या पाण्यातून काढला आणि सुरीऐवजी आपली कात्री घेतली. कात्री हातात आली की टाचण्या ओठांत आल्याच पाहिजेत! त्याशिवाय त्यांना बेतच सुचत नसे. पाच टाचण्या ओठांत धरून त्यांनी तुरे असे सुबक कापले, की एकेकाला काज करून बटण लावावं!

"मास्तर, पाणी किती ठेवलंत?" बाहेरच्या खोलीतून ताई गरजल्या.

"अं अं," मास्तर म्हणाले.

"मी माणसाशी बोलतेय की शिलाई मशीनशी?"

मास्तर गडबडले. टाचण्या तोंडातून काढल्या, "चाळणीच्या खाली राहील एवढं!" असं ओरडले, तुरे चाळणीत लोटले, चाळणी लोखंडी कढईवर ठेवली, वर झाकण घातलं. मग हातातल्या टाचण्या मनगटावरच्या सुया-टाचण्यांच्या गादीला टोचायला गेले.

एक, दोन, तीन, चार.

पाचवी?

ओट्यावर नाही, जमिनीवर नाही, खिशात नाही. मास्तरांनी सावकाश झाकणाकडे पाहिलं. आत पाणी खदखदत होतं, आणि बाहेर त्यांच्या छातीत!

ती टाचणी त्या हिरव्या झुडपात! आणि ते झुडूप नुकतंच पोट शिवून आलेल्या बायकोच्या ताटात! मास्तरांनी गॅस बंद केला, चाळणी उतरवली आणि चटके सोसत एकेक तुरा फोडून पाहायला सुरुवात केली. पण ब्रोकोलीसारखी लबाड भाजी नाही! एका तुऱ्यात शंभर कळ्या, प्रत्येक कळी टाचणीच्या डोक्याएवढी. जिकडे बघावं तिकडे टाचण्याच टाचण्या!

मग आठवलं लोहचुंबक. दुकानात सांडलेल्या सुया उचलायचं. मास्तर ते भाजीवरून हळूहळू फिरवू लागले, आणि नेमक्या ताई दारात!

"हे काय चाललंय?"

"लोह..." मास्तर म्हणाले. "हिरव्या भाजीत लोह असतं ना, ताई. किती आहे ते... बघत होतो."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आता काखेत थर्मामीटरच लावणार. तेवढ्यात मास्तरांच्या हातातलं चुंबक खटकन कढईला जाऊन चिकटलं.

"बरंच आहे," मास्तर कसंबसं म्हणाले.

ताई "हं" करून गेल्या. त्यांच्या "हं"मध्ये बॅगेची चेन लागल्याचा आवाज होता.

चुंबकाला टाचणी लागली नव्हती, आणि तुऱ्यांचा पार भुगा झाला होता. वाफवलेली ब्रोकोली म्हणून तो वाढणं म्हणजे कापलेल्या चिंध्या सूट म्हणून विकणं! पण मावशींनी दुसरी रीतही सांगितली होती. थोड्या लोण्यावर लसूण परतायचा, त्यात ब्रोकोली घालून मोठ्या आचेवर हलवायची, वरून मिरपूड. मास्तर परतू लागले. हात कढईत आणि कान टाचणीकडे. आत असेल तर वाजेल तरी!

टिंग!

मास्तर हातभर उडाले. उलथनं कढईच्या कडीला लागलं होतं.

मागे वळून पाहतात, तर दारात बायको. चेहरा काळजीचा. तिनं मास्तरांकडे बोट केलं, मग स्वतःच्या मानेला हात लावला आणि कळवळल्यासारखं तोंड केलं.

"गळा? घशाशी टोचतंय?"

तिनं जोरजोरात मान हलवली. टोचतंय हे बरोबर, गळा चूक. पण एका मानेत 'हो' आणि 'नाही' एकदम कसं सांगणार बिचारी! मास्तरांनी त्यातलं 'हो' तेवढं घेतलं.

"अगं, मग घास कसा उतरेल तुला? सूप करतो! तू पड जा!"

टाचणीचं काही त्यांनी तिला सांगितलं नाही. घाबरेल उगाच. ती पुढं यायला लागली, तशी त्यांनी उलथन्यानंच तिला परत जायची खूण केली. तिनं कपाळाला हात लावला आणि गेली.

मास्तरांनी सगळी भाजी पाण्यात उकळली, घोटली, दूध घातलं, आणि मलमलीचं नवं कोरं कापड घेऊन गाळली. टाचणी नाही. घडी दुहेरी करून गाळली. नाही. चौपदरी केली. नाहीच! एखादा सुटकेचा निःश्वास टाकता. मास्तरांना उलट घाम फुटला. कापडातून आरपार जाणं हेच तर टाचणीचं काम! ती मलमलीचं थोडंच ऐकणार? आणि सुपात नसेल, तर मग... मास्तरांनी हळूच आपल्या पोटावर हात ठेवला. तिथं काहीतरी टोचलं. नक्की टोचलं!

"वाढा!" ताईंचा हुकूम आला.

तीन वाट्या मांडल्या. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं आणि आधी बायकोच्या वाटीतला चमचा स्वतः चाखला, मग आणखी एक, मग आणखी एक.

"तिला ठेवणार आहात का काही?" ताई म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या वाटीतला पहिला चमचा तोंडात घातला.

त्या थांबल्या. भुवया वर गेल्या. त्यांनी दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी धरलं आणि ओढू लागल्या. मास्तरांच्या डोळ्यांपुढे दवाखाना, पोलीस आणि दाराशी ठेवलेली बॅग एका रांगेत उभी राहिली.

"दोरा," ताई म्हणाल्या. "मलमलीचा. गाळून घेतलंत?"

"ती... तीनदा," मास्तर पुटपुटले.

ताईंनी वाटी उचलली आणि तळापर्यंत संपवली.

"इतकी वर्षं दवाखान्यात काढली. आजाऱ्याचं जेवण तीनदा गाळून देणारा नवरा आज पहिल्यांदा पाहिला! राहू दे हिला इथंच."

मास्तरांना रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात घड्याळानं बाराचे ठोके दिले आणि बायकोनं तोंड उघडलं.

"अहो, मघापासून जीव तोडून सांगतेय! कॉलरला मागं टाचणी टोचून ठेवलीये तुम्ही. मानेत घुसेल ना!"

मास्तरांचा हात मागे गेला. पाचवी टाचणी! ताईंना उत्तर द्यायच्या गडबडीत सवयीनं तिथं खोचलेली!

"टाचणी?" ताईंचे डोळे बारीक झाले. "स्वयंपाकघरात टाचणी कशाला? आणि ते चुंबक? मास्तर, हे सूप केलंत कसं, पहिल्यापासून सांगा बघू."

मास्तरांनी टाचणी कॉलरमधून काढली आणि चटकन ओठांत धरली. ओठांत टाचणी असली की शिंप्याला बोलता येत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

"अं अं," ते नम्रपणे म्हणाले.

"हरकत नाही," ताई उठल्या. दाराशी ठेवलेली बॅग उचलून त्यांनी आत नेली, धाकटीचे कपडे कपाटात लावले आणि शेजारच्या खणात स्वतःचे. "तुम्ही बोलाल तेव्हा बोला. मी आहे इथंच. आणि उद्या माझ्यासाठीही तीनदा गाळा!"

मास्तरांनी आ वासला. ओठांतली टाचणी पडली.

कुठं पडली, ते अजून सापडलेलं नाही.