मामाचं पित्त आणि निधीचं उष्टावण

आमच्या घरात पित्ताची गोळी येत नाही! हे मी लिफ्टमध्ये, पार्कात, बाळाच्या लसीच्या रांगेत, अगदी अनोळखी बायकांनाही सांगत आले आहे. घरात थंड दूध आहे, जिरं आहे, केळी आहेत, आणि मी आहे. आणखी काय लागतं?

त्यामुळे निधीच्या उष्टावणाच्या आदल्या सकाळी माझ्या धाकट्या भावाचा, साकेतचा फोन आला, तेव्हा मी जराही डगमगले नाही.

"ताई, छातीत भयंकर जळतंय यार. उद्याचं जमेल असं वाटत नाही."

"जमेल असं वाटत नाही म्हणजे? मामा आहेस तू तिचा! पित्त काय, मी उद्यापर्यंत उतरवते. आत्ताच्या आत्ता मेट्रो पकड!"

बोलले ठसक्यात, पण फोन ठेवला आणि देवाला हात जोडले. उष्टावणाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं आणि मामा सोन्याच्या अंगठीने खिरीचा पहिला थेंब त्याच्या जिभेवर ठेवतो. मामा ही वस्तू आमच्याकडे एकच आहे. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर दिल्लीत, मुनिरक्यातल्या एका भाड्याच्या खोलीत राहतं, पीएचडी करतं आणि रात्री-बेरात्री छोले-कुलचे खातं. उद्या त्याच्या मांडीवर माझी लेक बसायला हवी होती. बाकी पाहुणे, फुगे, केक, काही नसतं तरी चाललं असतं.

साकेत नोएडाला पोचला तो फ्रिजमध्ये विसरलेल्या दुधी भोपळ्यासारखा चेहरा घेऊन. मी लगेच सूत्रं हातात घेतली. चहा बंद, तिखट बंद, उशाला दोन उशा आणि थोडं थोडं थंड दूध.

"अगं अश्लेषा, पित्तावर आमसूल," सासूबाई म्हणाल्या. "मी येताना कोकमाच्या आगळाची बाटली आणलीये. दोन चमचे पाण्यातून दिलं की..."

"आई, प्लीज. एका वेळी एकच उपाय. घरात डॉक्टर एकच पाहिजे."

"बरं बाई," सासूबाई म्हणाल्या.

हे 'बरं बाई' फार घातक असतं. त्यानंतर आजवर माझ्या मनासारखं काहीही झालेलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या खुराना आंटी खिरीसाठी मोठं पातेलं द्यायला आल्या. साकेतचा हात छातीवर बघून थबकल्या.

"बेटा, दर्द लेफ़्ट साइड में है?"

"नाही... म्हणजे, बीच में, आंटी. गैस है."

"मेरे देवर को भी गैस ही लगी थी."

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या. फ़ोटो पे माला है."

झालं! त्या क्षणापासून मी भावाचा चेहरा असा न्याहाळायला लागले, जसं कोणी उतू जाणारं दूध न्याहाळतं. तो जांभई देई, माझं काळीज हले. तो कूस बदले, मी उठून बसे.

सकाळी मात्र तो बराच ताजातवाना दिसला. पांढराशुभ्र झब्बा, खांद्यावर उपरणं. आणि काय सांगू, सगळ्यांना त्याचा केवढा लळा! सासूबाईंनी त्याला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्वयंपाकघरात नेलं. माझ्या नवऱ्याने, अनिशने, "चल, तुला एक गोष्ट दाखवतो" म्हणत बाल्कनीत नेलं. खुराना आंटींनी तर जिन्यातच गाठलं. प्रत्येक वेळी तो ओठ पुसत बाहेर यायचा. मला आपलं भरून आलं. बिनआईबापाच्या पोराला माणसं किती जीव लावतात! त्या भरात मीही त्याला थंड दुधाचा मोठा पेला पाजला. "गटागट पी. कार्यक्रम संपेपर्यंत पुरायला हवं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा बोकड देवळाकडे पाहतो.

मग पाट मांडला, रांगोळी झाली. आईची चांदीची वाटी मी कपाटातून काढली, तिच्यात खीर ओतली. खणाचं झबलं घालून निधी मामाच्या मांडीवर बसली आणि पाय झाडायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं.

"मामा, अंगठी बुडव," सासूबाई म्हणाल्या.

साकेतने अंगठी बुडवली. पण त्याच्या कपाळावर घाम होता. ओठ घट्ट मिटलेले. पोटातून कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज येत होता.

"साक्या, ठीक आहेस ना?"

त्याने मान हलवली. तोंड उघडलं नाही. निधीने आणखी एक सणसणीत लाथ मारली, साकेतने छातीवर हात दाबला, उपरणं घसरलं... आणि पांढऱ्या झब्ब्यावर डाव्या बाजूला लाल डाग उमटला.

रुपयाएवढा. मग पुरीएवढा. मग ताटाएवढा!

"खून!" खुराना आंटी किंचाळल्या. "लेफ़्ट साइड! मैंने कहा था!"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. मी निधीला उचलून शेजारी पाटावर ठेवलं. साकेतचं डोकं मांडीवर घेतलं. "साक्या, माझ्याकडे बघ! डोळे मिटायचे नाहीत! तू गेलास तर मी कोणाकडे जाऊ रे?" तो हात हलवत होता, डोळे मोठे करत होता, पण बोलत नव्हता. कोणीतरी इंटरकॉमवर ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स ओरडत होतं.

"बाजूला व्हा! मला ऑफिसात ट्रेनिंग दिलंय!" अनिश गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी साकेतची छाती दाबली.

आणि साकेतने ढेकर दिला.

ढेकर कसला, बुलेटला किक मारली होती! खिडकीची काच थरथरली. समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकायला लागला. आणि त्या गोंधळात सासूबाई पुढे आल्या, वाकल्या, झब्ब्यावरच्या रक्तात बोट बुडवलं आणि ते बोट चाटलं!

"हाय रब्बा!" आंटी भिंतीला टेकल्या. "सास खून चख रही है!"

"आगळ आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मीठ जरा जास्त झालंय या खेपेला."

साकेतने उठून बसत झब्ब्याच्या छातीवरच्या खिशातून खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली काढली. तिचं निघालेलं झाकण त्याच्या मांडीवर पडलं.

"काकूंनी आगळ भरून दिली होती. तेवढ्यात तू आलीस, म्हणून खिशात टाकली. ताईला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"आणि तू मरेपर्यंत सांगणार नव्हतास?"

"बोललो असतो गं, पण तोंड उघडलं की ढेकर येणार होता! सगळ्यांसमोर, निधीच्या तोंडावर!"

ॲम्ब्युलन्स परत पाठवली, पण माझं समाधान झालं नव्हतं. सोसायटीच्या क्लिनिकमध्ये त्याला घेऊन आम्ही सगळे गेलोच, निधी सासूबाईंच्या खांद्यावर. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासलं, ईसीजी काढला, हृदय ठणठणीत निघालं. मग त्याने विचारलं, "किसने क्या दिया?"

शाळेतल्यासारखे हात वर झाले. सासूबाई, आगळ. अनिश, सोडा घालून लिंबूपाणी. खुराना आंटी, हिंग-अजवाइनचं चूर्ण. मी, दूध.

"मैडम, ये पेट है, संसद नहीं," डॉक्टर म्हणाला. "सबकी राय लेना ज़रूरी नहीं." त्याने गोळ्या लिहून दिल्या, छोले-कुलचे बंद केले, आणि पुन्हा जळजळ झाली तर घरात प्रयोग न करता नीट तपासणी करायची, असं मला बजावलं. मलाच!

परत आलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. साकेत डागाळलेल्या झब्ब्यात दारातच उभा राहिला. "सॉरी ताई. आईची वाटी काढली होतीस ना..."

तेवढ्यात मागून सासूबाई निधीला घेऊन आल्या. तिची बोटं, हनुवटी, नाकाचा शेंडा, सगळं लालभडक! त्या धांदलीत तिने मामाचा ओला झब्बा मुठीत पकडला होता, आणि नंतर ती मूठ सगळा वेळ चोखत बसली होती. आत्ताही ती चोखत होती. आंबट लागलं की डोळे मिचकावी, शहारे, आणि पुन्हा मूठ तोंडात!

"मामाच्या मांडीवर बसली होती ना?" सासूबाई म्हणाल्या. "मामाच्या अंगावरचंच चाटलं ना? मग झालं की उष्टावण!"

साकेत हसता हसता रडायला लागला. मीही. नंतर मामाने अंगठीने दिलेली खीर तिने थुंकून टाकली, वाटीतली उरलेली आम्ही संपवली.

साकेत जाताना उरलेलं गोळ्यांचं पाकीट इथेच विसरला. आणि काय सांगू, त्या दिवसाच्या ताणाने आता माझ्याच छातीत जळजळतंय. दूध झालं, जिरं झालं. शेवटी आज निधी झोपल्यावर गुपचूप एक गोळी घेतली आणि पाकीट लपवायला पोह्यांच्या डब्यामागे हात घातला.

तिथे आधीच एक पाकीट होतं. तसल्याच गोळ्यांचं, अर्धं संपलेलं.

मागे वळले तर दारात सासूबाई.

"कोणाला सांगायचं नाही, आई," मी म्हणाले.

"बरं बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढे केला. "पाणी दे. माझीही आजची राहिलीये."